गूळ होता, रसायन नव्हतं

मंडळी,

बाजाराचा दिवस सोडून तुम्ही इतकी माणसं आलात. पटांगण भरलंय. वस्त्यांवरून बाया चालत आल्यात, लेकरं कडेवर घेऊन आल्यात. सुलभाबाई हे गाव सोडून गेल्या तेव्हा गाडीपाशी त्यांना निरोप द्यायला यातलं कोण होतं, ते मी आज विचारणार नाही. आलात, बरं झालं.

मला बोलायचं जड जातंय. रडू येतंय म्हणून नाही. माझं रडून झालंय. राग आलाय म्हणून. शोकसभेत रागानं बोलू नये असं म्हणतात. मला आज दुसरं काही जमणार नाही. ज्यांना सांभाळून घेता येईल त्यांनी घ्या.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी या शाळेत मराठी शिकवते. सुलभाबाई शास्त्र शिकवायच्या. आम्ही दोघी एका घरात, शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचो. मधली भिंत इतकी पातळ की त्यांना दम्याची उबळ आली की मला इकडे कळायचं. समोर त्यांचे थोरले भाऊ बसलेत, आष्ट्याहून आलेत. दादा, तुमच्या देखत मी जे बोलणार आहे ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे. गावाला ठाऊक असून गाव बोलत नाही, म्हणून मी बोलते.

मघाशी एका वक्त्यांनी सांगितलं, बाई साखरेसारख्या आपल्यात विरघळून गेल्या. टाळ्या वाजता वाजता राहिल्या. बाई इथं असत्या तर त्यांनी विचारलं असतं, कशावरून? कुणी काहीही सांगितलं की त्यांचा हाच प्रश्न असायचा. कशावरून? मंडळी, बाई विरघळल्या नाहीत. बाई मेल्या. बत्तीस-तेहतीस वर्षांची बाई श्वास कोंडून मेली. ती कशी मेली आणि तिला तिथं कुणी पाठवलं, हे साखरेच्या गोष्टी सांगून झाकायचं नाही.

बाई मूळच्या आष्ट्याच्या. घरी ऊस, गुऱ्हाळ, हिरवंगार सगळं. शिकल्या सांगलीत. नोकरी कुठंही मिळाली असती. मग या कोरड्या मुलखात, जिथं मास्तर लोक बदली होऊन येताना तोंड वाकडं करतात, तिथं त्या का आल्या? डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. ओल्या हवेनं दमा वाढतो, कोरड्या हवेत राहा. आपल्या गावातली ही धूळ, हे ऊन, आपण ज्याला शिव्या घालतो, त्यासाठी त्या आल्या. पहिल्या उन्हाळ्यात मला म्हणाल्या होत्या, लहानपणापासून मी पहिल्यांदाच पाठीवर झोपते आहे. एरवी उशा रचून, बसून झोप काढायची.

त्या आल्या तेव्हा शास्त्राचा तास कसा चालायचा? मास्तरांनी पुस्तक वाचायचं, पोरांनी उतरवून घ्यायचं. प्रयोगाचं सामान होतं. सरकारकडून आलेली पेटी होती, काचेच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा, सगळं. पण ती कार्यालयातल्या कपाटात कुलपात. फुटलं तर जबाबदारी कोणाची, म्हणून कुलूप. तपासणीला साहेब आले की पेटी बाहेर यायची, साहेबांनी बघितली की आत. बाईंनी किल्ली मागितली. हेडसर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

बाईंनी वाद घातला नाही. घरातले काचेचे ग्लास आणले. औषधाच्या रिकाम्या बाटल्या गरम पाण्यानं धुऊन घेतल्या. पोरांना सांगितलं, घरातून चिमूटभर काय मिळेल ते आणा. पोरांनी मीठ आणलं, पीठ आणलं, हळद, तुरटी, धुण्याचा सोडा, चुलीतली राख, ओढ्यातली वाळू. कुणी गोडं तेल आणलं. आणि बाईंनी नेम घालून दिला की आधी अंदाज सांगायचा आणि मग पाण्यात टाकायचं. हे विरघळेल का? कशावरून म्हणतोस? टाक. ढवळ. आता बघ.

मी व्हरांड्यातून जाताना थांबायचे. मीठ दिसेनासं झालं तेव्हा एक मुलगा अगदी गंभीरपणे म्हणाला होता, मीठ मेलं, बाई. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. मेलं असेल तर उद्या बघू, म्हणाल्या. ते पाणी ताटलीत ओतून खिडकीत उन्हाला ठेवलं. दुसऱ्या दिवशी ताटलीत पांढरा थर. पोरांनी बोट लावून चाटलं. माझा मराठीचा तास त्यानंतर होता. त्या दिवशी मी धडा शिकवलाच नाही. पोरं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. सारखी एकमेकांना सांगत होती, आलं की परत.

एवढंच करत होत्या त्या. दुसरं काही नाही. मीठ, तुरटी, पाणी.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. तुम्हाला मी काय सांगायचं ते! टँकर यायचा तेव्हा बाया एकमेकींच्या अंगावर पडायच्या. शाळेच्या माठात पाणी असलं तर असलं. आणि तो माठ! मंडळी, माठ शाळेत एकच. कायद्यानं एकच. पण पाणी काढायचं ओगराळं कुणाच्या हातात? बौद्धवाड्यातली पोरं ओंजळ धरून उभी राहायची आणि दुसऱ्या कुणीतरी वरून ओतायचं. ओतणारा जागेवर नसला तर ती पोरं तहानलेली वर्गात जायची. हे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. इथं खाली माना घालू नका. मी कुणाला नवं काही सांगत नाही.

आठवीच्या वर्गाला बाई विरघळण्याचाच पाठ शिकवत होत्या. मुलांनी विचारलं होतं, साखर तळाला जास्त असते का? चहात तळाला जास्त गोड लागतं. रास्त प्रश्न. बाईंनी गूळ घेतला. दादा, तुमच्या गुऱ्हाळातला, तुम्ही दिवाळीला पाठवलेल्या ढेपेतला. पातेल्यात आपल्या खोलीतलं पाणी घेतलं, त्यांच्या वाटणीचं. गूळ किसून टाकला, पोरांकडून खूप वेळ ढवळून घेतलं. मग वरचं चमचाभर, मधलं चमचाभर, तळाचं चमचाभर चाखायचं आणि सांगायचं फरक आहे का. फरक नव्हता. सगळीकडे सारखं गोड. चहात तळाला साखर राहते ती नीट ढवळत नाही म्हणून, हे पोरांनीच शोधलं.

प्रयोग झाला. पातेल्यात पाणी उरलं. दुष्काळात, गुळाचं गोड पाणी. ते ओतून द्यायचं? कुठल्या आईनं दिलं असतं? बाईंनी फुलपात्र बुडवलं आणि जवळ जी मुलगी उभी होती तिच्या हातात दिलं. ती कमल. कमल बौद्धवाड्यातली. पातेलं धरायचं काम तिच्याकडं होतं म्हणून ती जवळ होती. कमल तोंड लावून प्यायली. फुलपात्र परत बुडालं, पुढच्याच्या हातात गेलं. मग त्याच्या पुढच्याच्या. सगळा वर्ग प्यायला. पाटलांचा मुलगा प्यायला, धनगरवाड्यावरची पोरं प्यायली. कुणाला काही वाटलं नाही. पोरांना गोड लागलं, बस.

संध्याकाळी मी बाईंना विचारलं होतं, मुद्दाम केलंत का? त्या भाकरी थापत होत्या. हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, “मी फक्त पाणी वाया जाऊ नये एवढंच बघितलं. कमलनं आधी प्यावं असं ठरवलं नव्हतं. पण ती प्यायला लागली तेव्हा थांबवायचं कारणही मला सापडलं नाही.”

दुसऱ्या दिवशी शाळेत माणसं आली. त्यातले एक पालक, आज इथंच आहेत, नाव घेत नाही. ते बाईंना सरळ म्हणाले, “आवं बाई, शिकवा की. आमी कवा न्हाई म्हटलंय? पर एका भांड्यातनं कशापायी पाजलं?” मी त्यांच्यावर चिडले होते तेव्हा. आज तेवढी चिडत नाही. तो माणूस निदान खरं बोलला. त्याच्या पोटात जे होतं ते त्याच्या तोंडात आलं.

पण संस्थेकडं जो अर्ज गेला, मंडळी, त्यात हे होतं का? त्यात लिहिलं होतं की शास्त्राच्या शिक्षिका दुष्काळात पाण्याची नासाडी करतात. त्यात लिहिलं होतं की त्यांनी मुलांना रसायन पाजलं आणि मुलांची पोटं दुखली. रसायन! अहो, गूळ होता तो! दादांच्या शेतातला ऊस, दादांच्या चुलाणावर शिजलेला रस. त्याला तुम्ही रसायन म्हणालात. कुणाचं पोट दुखलं? एकाचं नाव सांगा. त्या आठवड्यात वर्गात एक मूल गैरहजर नव्हतं. हजेरी मीच घेत होते.

खरं कारण लिहायची लाज वाटली. लिहिलं असतं तर कायदा आड आला असता. म्हणून गुळाचं रसायन केलं.

हेडसरांच्या खोलीत बैठक झाली. अध्यक्षसाहेब, संस्थेकडून तुम्ही होतात. बाईंनी मला सोबत बोलावलं होतं, म्हणून मीही होते. तुम्ही म्हणालात, पालकांची माफी मागा आणि इथून पुढं वर्गात प्रात्यक्षिकं बंद करा, विषय मिटला. बाई म्हणाल्या, पातेलं आणते, तोच गूळ आणते, तुमच्यासमोर विरघळवते आणि तुमच्यासमोर पिते. तुम्हाला रसायन वाटत असेल तर खात्री करून घ्या. तुम्ही म्हणालात, त्याची गरज नाही. बरोबर आहे. गरज नव्हतीच. ते रसायन नाही हे तुम्हाला माहीत होतं.

मग बाईंनी एकच वाक्य म्हटलं. आवाज चढवला नाही. “मुलांना तहान लागली होती, मुलं पाणी प्यायली. यात माफी कशाची मागू, तेवढं सांगा.” मी तिथं बसून प्रत्येकाच्या तोंडाकडं बघितलं. मी म्हटलं, यांनी काही चूक केलेली नाही. मला सांगण्यात आलं, तुम्ही तुमचा विषय बघा.

आणि कमल? कमलच्या वडिलांना कुणीतरी जाऊन भीती घातली. त्यांनी मुलीची शाळा थांबवली. बाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. उंबऱ्यावर बसून राहिल्या. कमलचे वडील म्हणत होते, “आमाला कामाला ह्यांच्याच रानात जायाचं हाय, बाई. तुमी जाशीला. आमी कुठं जावं?” बाई म्हणाल्या, मला उत्तर माहीत नाही. पण मुलीला घरी ठेवलंत तर ज्यांनी भीती घातली ते खूश होतील, आणि तुम्ही खूश होणार नाही. रोज जात राहिल्या. त्यांना धापा लागायच्या, तरी चढ चढून जायच्या. शेवटी कमलची आई म्हणाली, “जाऊ द्या तिला. ही बाई मरंल हितं बसून.” कमल शाळेत परत आली. आज दहावीत आहे. ती पहिली वगैरे येते असं सांगून मी तुम्हाला बरं वाटू देणार नाही. गणितात काठावर पास होते. पण येते. रोज येते.

मेमध्ये बदलीचा आदेश आला. संस्थेच्याच शाळेत, कोयनेच्या खोऱ्यात, पाटणच्या वरच्या अंगाला. प्रशासकीय सोयीसाठी. महाराष्ट्रात जिथं पाऊस थांबत नाही अशी जागा शोधून काढली. दम्याच्या बाईसाठी. जूनमध्ये हजर व्हायचं.

बाईंनी डॉक्टरांचा दाखला घेतला. मी त्यांच्याबरोबर अध्यक्षांकडं गेले. दाखला टेबलावर ठेवला. बाई म्हणाल्या, दुसरीकडं कुठंही पाठवा, जतला पाठवा, आटपाडीच्या बाजूला पाठवा, फक्त तिथं नको. अध्यक्षसाहेबांनी दाखल्याला हातसुद्धा लावला नाही. काय म्हणाले ते मी आज या माइकवरून सांगते. म्हणाले, “तिथं पाणी भरपूर आहे, बाई. विरघळवा काय विरघळवायचं ते.”

आणि हसले.

मंडळी, मी मराठीची शिक्षिका आहे. शब्दांवर माझं पोट आहे. त्या हसण्याला शब्द शोधते आहे आजतागायत. सापडलेला नाही.

बाई गेल्या. नोकरी सोडता आली असती, दादांनी मागे लागून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, सोडली तर यांचं म्हणणं खरं ठरेल. पहिल्या पावसाळ्यात मी भेटायला गेले होते. खोलीच्या भिंतींना हात लावला तर हात ओला. अंथरूण ओलसर, पुस्तकांना बुरशी. बाई उशा रचून बसलेल्या. एक वाक्य बोलायला दोनदा थांबायला लागत होतं. मी रडायला लागले तर म्हणाल्या, रडू नका, इथं आधीच ओल फार आहे. आणि शाळेचं सांगायला लागल्या. इथं ताटलीत मीठ वाळतच नाही, म्हणाल्या. आठवडा ठेवलं तरी पाणीच. पोरांना वाटलं बाई खोटं बोलतात. मग चुलीजवळ ठेवलं, मोठ्या मुलींनी जाळ घातला, तेव्हा कुठं मीठ दिसलं. पोरं विचारतात, मग उन्हात का नाही वाळलं? किती चांगला प्रश्न आहे बघा, म्हणाल्या. आता हवेत किती पाणी असतं तो पाठ घेणार आहे.

तो पाठ त्या स्वतःच्या छातीवर शिकत होत्या.

बदलीसाठी त्यांनी पुन्हा अर्ज केला. उत्तर आलं, विचार करू. परत केला. शैक्षणिक वर्षाच्या मध्यात शक्य नाही. वर्ष संपल्यावर केला. जागा रिकामी नाही. जागा रिकामी होती! इथंच होती! बाईंच्या जागी आजपर्यंत शास्त्राला माणूस आलेला नाही. आठवी-नववीचं शास्त्र पीटीचे सर वाचून दाखवतात. पुस्तक वाचायचं, पोरांनी उतरवायचं.

पहिला पावसाळा बाईंनी काढला. दुसरा निघाला नाही. भाद्रपदात सलग झड लागली. ओढ्याला पाणी आलं, एसटी खालच्या गावातच थांबायला लागली. सकाळी बाईंना श्वास घेता येईना. तिथल्या माणसांनी घोंगडीची डोली केली, बांबूला बांधली, आणि चिखलातून, ओढ्यातून त्यांना रस्त्यावर आणलं. दुधाच्या गाडीत घालून कराडला नेलं. दुपारी कराडच्या दवाखान्यात बाई गेल्या.

मला तार मिळाली. मी पोचले तेव्हा दादा आधीच आलेले होते. दवाखान्याच्या बाहेर ती माणसं उभी होती. ओली, गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर तशीच घोंगडी. कुणी घरी गेलं नव्हतं. त्यातल्या एकानं मला सांगितलं की बाई सारख्या खुणेनं खाली ठेवा म्हणत होत्या. त्याला वाटलं त्रास होतोय. थांबला, तर बाई म्हणाल्या, तुम्ही दमलात, जरा टेका. तो माणूस सांगता सांगता भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. सव्वा वर्ष ओळखत होता तो बाईंना. आपलं गाव त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखत होतं.

आणि आज इथं जाहीर झालं की आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेला कैलासवासी सुलभाबाईंचं नाव देणार. कुठली प्रयोगशाळा? मला दाखवा. हेडसरांच्या कपाटातली कुलूपबंद पेटी म्हणजे प्रयोगशाळा का? त्या कपाटावर पाटी लावणार? बाई जिवंत असताना त्यांना किल्ली दिली नाही, मेल्यावर नाव देताय. नका देऊ. त्यांचं नाव तिथं लागलं तर मी स्वतः येऊन काढीन.

मला माहीत आहे, या भाषणानंतर माझीही प्रशासकीय सोय बघितली जाईल. बघा. मला दमा नाही. मी जिथं जाईन तिथं हे परत सांगेन.

पालकांनो, एक मागणं तुमच्याकडं. उद्या शाळा भरल्यावर हेडसरांच्या खोलीत या, आणि विचारा की आमच्या पोरांना शास्त्र कोण शिकवणार, आणि माठाचं ओगराळं सगळ्यांच्या हातात का नाही. अर्ज लिहायला जसे सगळे मिळून आला होतात, तसेच मिळून या. एकट्यादुकट्यानं येऊ नका. एकट्या माणसाचं काय करतात ते आता आपण बघितलं.

दादा, तुमच्या बहिणीबरोबर मी राहिले. पातळ भिंतीपलीकडून त्यांचा श्वास ऐकला. माझ्या आयुष्यात त्यांच्याइतकं सरळ माणूस मी बघितलं नाही. तुम्हाला, तुमच्या आईला माझा नमस्कार.

आता रीतीप्रमाणे आपण उभे राहू आणि बाईंसाठी शांत राहू. कार्यक्रमात त्यानंतर अध्यक्षांचं भाषण लिहिलंय. अध्यक्षसाहेब, ते आज होणार नाही. तुम्ही बाईंशी बोलायचं ते बोलून झालंय. या गावात त्यांच्याबद्दलचा शेवटचा शब्द तुमचा असू नये.

मंडळी, उठा. शांतता पाळू. आणि ती संपली की कुणीही काहीही न बोलता घरी जाऊ.